कॉलेजातील टेनिस : तीन वह्यांचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, धर्म, शेती, सहकार हे विषय आपण नेहमी ऐकता. तेथे कामगार चळवळीतल्या माणसाने उभे राहून कॉलेजातील टेनिसवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे सारे वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. टेनिसची रॅकेट मी कधी हाती धरलेली नाही. परंतु वह्या वाचण्याची सवय मला या कामाने लावली आहे. एखाद्या कारखान्याची तक्रार हाती आली की मी यंत्रे पाहण्याआधी तीन वह्या मागतो. पहिली हजेरीची : कामावर कोण, त्यात कायम किती आणि बदली किती. दुसरी काम शिकवणाऱ्यांची : जॉबर कोण, मुकादम कोण, त्यांना काय मिळते. तिसरी जमाखर्चाची. या तीन वह्या एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे कारखान्याचा खरा इतिहास कळतो. कॉलेजातील टेनिसचा इतिहास मी आज याच रीतीने आपल्यापुढे मांडणार आहे.

आधी या खेळाचे मूळ पाहू. इंग्लंडमधील मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी १८७४ साली हिरवळीवरच्या टेनिसचे पेटंट घेतले आणि जाळे, चेंडू, रॅकेटी असा संच पाच गिनींना विकायला काढला. तीनच वर्षांनी, १८७७ मध्ये, विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली. म्हणजे हा खेळ जन्मतःच विकत घ्यावयाचा खेळ होता. आट्यापाट्यांना आणि हुतूतूला पायाखालची माती पुरते. टेनिसचे तसे नाही. त्याचे मैदान ७८ फूट लांब आणि दुहेरीसाठी ३६ फूट रुंद. रेषांच्या आतली एवढी जागाच अडीच गुंठ्यांहून जास्त होते. भोवती धावायची मोकळी जागा धरली तर सहा-साडेसहा गुंठे लागतात. रेषांच्या आतले टेनिसचे मैदान पुरुषांच्या कबड्डीच्या मैदानाच्या दुप्पट असते. कबड्डीत त्या निम्म्या जागेत चौदा जण खेळतात. टेनिसमध्ये दुप्पट जागेत दोन, फार तर चार. शिवाय चेंडू झिजतो, तात तुटते, मैदान रोज झाडावे-रोलावे लागते. हा हिशेब मी खेळाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. ज्या खेळात माणशी इतकी जमीन आणि इतका खर्च लागतो, त्या खेळाची यादी पहिला चेंडू मारण्यापूर्वीच अर्धी ठरलेली असते, एवढेच मला दाखवायचे आहे.

आपल्याकडे हा खेळ जिमखान्यांच्या दारातून आला. मुंबईचा बाँबे जिमखाना १८७५ साली निघाला आणि तो गोऱ्यांपुरता होता. मग देशी लोकांनी आपापले जिमखाने उभारले. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. अखिल भारतीय लॉन टेनिस संघटना १९२० मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी भारताचा संघ डेव्हिस चषकात उतरला. पहिल्याच लढतीत त्याने फ्रान्सला हरवले. त्या काळात टेनिसची रॅकेट आणि कॉलेजचे शिक्षण या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच घरात सापडत. मराठी कादंबरीतल्या कॉलेजकुमाराच्या हाती पुढे रॅकेट आली ती काही उगीच नव्हे. तो सुस्थितीचा शिक्का होता.

आता दुसरी वही उघडू. त्या जिमखान्यांत शिकवीत कोण होते? आज ज्याला आपण कोच म्हणतो, तो तेव्हा 'मार्कर' असे. चेंडू वेचणारा पोरगा वाढत वाढत मार्कर होई. साहेबाला खेळायला जोडीदार नसेल तेव्हा पलीकडून चेंडू परतवी, नवख्याला हात बसवून देई आणि खेळ संपला की जाळे सोडून ठेवी. विद्या त्याच्या मनगटात. पण सभासदांच्या यादीत त्याचे नाव नसे. क्रिकेटमधले याचे ठळक उदाहरण आपल्याला परिचित आहे. पाळवणकर बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखण्याच्या नोकरीवर होते आणि ग्रेगसाहेबांसारख्या फलंदाजांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली जात नसे. पुढे हिंदू संघाला त्यांची गरज पडली, तेव्हा मैदानात बरोबर आणि जेवणाला वेगळे, असा न्याय झाला. ज्याच्या घामावर दुसऱ्याचा खेळ सुधारतो त्याला नोकर समजायचे आणि जो नुसता खेळतो त्याला खेळाडू, ही वर्गवारी खेळाने समाजाकडूनच उचलली.

तिसरी वही, पैशाची. या वहीचे पहिले पान घराच्या नावाने आहे. पंडिता क्षमा राव हे नाव संस्कृत साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहे; शंकर पांडुरंग पंडित या विद्वानांची ती कन्या आणि मुंबईच्या डॉक्टर राघवेंद्र राव यांची पत्नी. या बाई स्वतः टेनिस उत्तम खेळत. त्यांची मुलगी लीला राव हिने १९३४ साली विंबल्डनमध्ये पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तेथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. देशातले अजिंक्यपद तिने अनेकदा मिळविले. तिच्या कर्तृत्वाला माझा नमस्कार आहे. तथापि वही काय सांगते? घरात आईच खेळाडू, खर्चाला डॉक्टरचे उत्पन्न. ज्या मुलीच्या घरी या दोन गोष्टी नव्हत्या, तिच्यासाठी त्या काळी दुसरी वहीच नव्हती.

या वहीचे दुसरे पान दातृत्वाचे. त्यासाठी क्षणभर टेनिस सोडून कुस्तीकडे येऊ, कारण आपल्या भागातल्या कॉलेजचा याहून बोलका हिशेब मला माहीत नाही. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा गावोगाव वर्गणी फिरली, आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीही. पण युनियनचा माणूस म्हणून माझ्या मनात दुसरा प्रश्न येतो. प्राचार्याचे घर नसते तर? गुणवंत मल्लाची वाट एका सज्जनाच्या सातबाऱ्यावरून जाते, ही त्या सज्जनाची थोरवी आणि व्यवस्थेची लाज आहे. दान कितीही मोठे असले तरी त्यावर कोणाला हक्क सांगता येत नाही.

मग दान आणि घर सोडून तिसरा मार्ग आहे काय? तो पाहण्यासाठी अमेरिकेकडे वळावे लागते, कारण कॉलेजातील टेनिसचे नाव, गुरू आणि पैसा या तिन्हींचे लेखी नियम तेथे झाले. सुरुवात तेथेही घरापासूनच आहे. आर्थर अ‍ॅश हा व्हर्जिनियातील रिचमंड शहराचा काळा मुलगा. त्याचे वडील काळ्यांसाठी राखलेल्या एका क्रीडांगणाचे राखणदार होते आणि कुटुंबाचे घर त्या मैदानातच होते. शहरातील गोऱ्यांच्या मैदानांवर त्याला पाऊल ठेवता येत नव्हते. त्याला घडविले डॉक्टर रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांनी. त्यांनी आपल्या घरच्या मैदानावर काळ्या मुलामुलींना शिकविले. विंबल्डन जिंकणारी अल्थिया गिब्सन त्यांच्याच हाताखालून गेलेली. मुंबईत डॉक्टरचे घर, व्हर्जिनियात डॉक्टरचे घर! फरक पुढे पडला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने अ‍ॅशला टेनिसची शिष्यवृत्ती दिली. १९६५ मध्ये त्याने कॉलेजांचे एकेरीचे अजिंक्यपद जिंकले आणि त्याच्या विद्यापीठाने सांघिक. राखणदाराच्या मुलाचे नाव यादीत आले, कारण तिसऱ्या वहीत त्याच्या नावाने रक्कम पडली.

मात्र त्याच शहरात, त्याच काळात, दुसरे चित्र होते. बिली जीन किंग हिने १९६१ साली सतराव्या वर्षी विंबल्डनची महिला दुहेरी जिंकली आणि लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या कॉलेजात नाव घातले. तिला शिष्यवृत्ती नव्हती. मुलींसाठी ती तरतूदच नव्हती. जगज्जेती मुलगी दोन लहान नोकऱ्या करून शिकत होती. यावर उपाय झाला तो २३ जून १९७२ रोजी. त्या दिवशी मंजूर झालेल्या शिक्षण कायद्याचे नववे प्रकरण म्हणते की, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद चालणार नाही. गंमत अशी की त्या कलमात खेळाचा शब्दही नाही. पण खेळाडूंचा हजेरीपट शिक्षणसंस्थेच्याच दप्तरात असल्यामुळे कायदा त्या हजेरीपटालाही लागू झाला. पुढे वरच्या श्रेणीच्या प्रत्येक विद्यापीठाला महिला टेनिसच्या आठ पूर्ण शिष्यवृत्त्यांची आणि पुरुष टेनिसच्या साडेचार शिष्यवृत्त्यांची मर्यादा ठरली.

हे साडेचार कसे? ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉलेजच्या सांघिक सामन्यात सहा एकेरी आणि तीन दुहेरी असतात. तीनपैकी दोन दुहेरी जिंकणाऱ्याला एक गुण, प्रत्येक एकेरीला एक. एकूण सात, चार मिळवील तो जिंकला. म्हणजे निदान सहा खेळाडू हवेतच, आणि दुखापतीला एक-दोन राखीव. पुरुषांच्या संघाला साडेचार भाकरी सहा-आठ ताटांत वाटाव्या लागत : कोणाला पूर्ण, कोणाला अर्धी, कोणाला नुसता संघाचा सदरा. आमच्या भाषेत हे शेवटचे म्हणजे बदली कामगार. आणि पुरुषांना कमी का? कारण तिकडच्या फुटबॉलच्या एकेका मोठ्या संघाला ८५ शिष्यवृत्त्या लागत, त्याचा तोल इतर खेळांत साधला जाई. मुलींना हक्क मिळाला म्हणून मुलांचे गेले, असे तेथे काही लोक म्हणत आले. जमाखर्च पाहिला तर जास्तीत जास्त पाने कोणी व्यापली आहेत ते स्वच्छ दिसते. दोन दुबळ्या खात्यांना एकमेकांविरुद्ध उभे करून तिसरे भरलेले खाते झाकायचे, हा डाव कामगारांना नवा नाही.

गुरूंच्या वहीतही तेथे एक चमत्कारिक रकाना होता. मुख्य प्रशिक्षक आणि साहाय्यक यांना पगार. त्यांच्या खाली आणखी एक 'स्वयंसेवक' प्रशिक्षक. काम रोजचे, जबाबदारी खरी, वेतन शून्य. १ जुलै २०२३ पासून हा रकाना रद्द झाला. बिनपगारी उमेदवारीला सेवाभावाचे नाव द्यायचे, हे अमेरिकेतही चालते आणि आपल्या मानद पदांतही चालते.

पैशाच्या वहीचे अलीकडचे पान असे. जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली. माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि पुढे विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा. शिष्यवृत्त्यांची संख्यामर्यादा गेली. तिच्या जागी तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत संघाच्या संख्येची मर्यादा आली. टेनिससाठी ती दहा. आमच्याकडे यालाच मंजूर पदसंख्या म्हणतात. ऐकायला हा विजय आहे. परंतु भरपाईचा बहुतेक पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, आणि ज्या खेळाला तिकीटविक्री नाही त्या टेनिसचे संघ बंद करण्याचा मोह विद्यापीठांना होतो. २०२० च्या साथीत अनेकांनी ते केलेही. दरम्यान डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन स्थापण्याचा कौल दिला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो अर्ज मागे घ्यावा लागला. खेळाडू कामगार आहे की विद्यार्थी, हा वाद तेथे अजून मिटलेला नाही. माझे मत विचाराल तर, ज्याच्या वेळेवर, अंगावर आणि नावावर दुसऱ्याचा ताबा आहे, त्याला आपल्या अटी एकत्र बसून बोलण्याचा अधिकार असलाच पाहिजे. मग त्याला कोणत्याही नावाने हाक मारा.

आता आपण घरी येऊ. या दूरच्या वह्यांशी आपल्या मुलींचा संबंध आहे. श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझो येथील आशियाई स्पर्धेत तिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. १९७२ च्या कायद्याने मुलींसाठी जी यादी लांबविली, त्या यादीत चाळीस वर्षांनी नगर जिल्ह्यातल्या एका मुलीचे नाव लागले. कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही श्रीरामपूर नसेल. हक्काचे हेच वैशिष्ट्य आहे. तो एकदा कागदावर आला की न पाहिलेल्या माणसाच्याही उपयोगी पडतो.

आणि दुसरे नाव तर आपल्याच तालुक्याचे : बार्शीची प्रार्थना ठोंबरे. २०१४ साली इंचॉन येथील आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर महिला दुहेरीचे कांस्यपदक, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिक. तेथे ही जोडी पहिल्याच फेरीत चिनी जोडीकडून तीन सेटपर्यंत झुंजून हरली. बार्शीहून रिओपर्यंत! ज्वारीच्या आणि गिरणीच्या या मुलखातून एवढी झेप गेली, याचा आनंद वैरागला बार्शीइतकाच व्हायला हवा. पण मी वही उघडतोच. तिच्या सरावाची जागा होती हैदराबादची अकादमी. तेथवर पोचायला घरच्यांची जिद्द लागली. आपल्या जिल्ह्यातील कॉलेजाने मंजूर केलेली जागा, नेमलेला गुरू आणि ठरलेली रक्कम या तिन्हींच्या बळावर ती घडली, असे आपल्याला म्हणता येत नाही. दुसरी प्रार्थना वैरागच्या एखाद्या घरात आज पाचवीत शिकत असेल, तर तिने कोणत्या वहीकडे पाहायचे?

सोलापूर जिल्ह्यातील कॉलेजशिक्षणाने वेगवेगळ्या विद्यापीठांचे अंमल पाहिले. दयानंद कॉलेज १९४० साली निघाले तेव्हा मुंबई विद्यापीठ होते. १९४९ नंतर पुणे, १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, आणि २००४ पासून सोलापूरचे स्वतःचे विद्यापीठ. खेळाडूच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, विद्यापीठाचा संघ निवडण्याची जागा मुंबईहून आता सोलापुरात, एका एस.टी.च्या प्रवासावर आली. कॉलेजचा संघ, त्यातून चाचणीने विद्यापीठाचा संघ, त्यातून पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, ही शिडी कागदावर उभी आहे. अलीकडे सोलापुरात महिलांच्या आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धाही भरल्या. शिडीची खालची पायरी मात्र मोडकी आहे. बहुतेक कॉलेजांत सर्व खेळांना मिळून शारीरिक शिक्षणाचा एकच संचालक. कबड्डी, धावणे, बुद्धिबळ, टेनिस सारे त्याच्याच गळ्यात, आणि अनेक ठिकाणी तीही जागा रिकामी. जिमखाना फी प्रत्येक विद्यार्थी भरतो. तिचा खेळवार खर्च फार थोड्यांना माहीत असतो.

म्हणून माझे मागणीपत्रक लहान आहे आणि त्यात लाखोंची भाषा नाही. पहिले कलम : प्रत्येक कॉलेजने जिमखाना फीची जमा आणि खेळवार खर्च वर्षातून एकदा सूचनाफलकावर लावावा, मुलांचा आणि मुलींचा खर्च वेगळा दाखवावा. दुसरे : विद्यापीठाच्या निवडचाचणीची तारीख तालुक्याच्या कॉलेजांना आणि शाळांना महिनाभर आधी कळावी, म्हणजे यादी शहरातल्या दहा-बारा घरांत फिरत राहणार नाही. तिसरे : तालुक्याला एक तरी सार्वजनिक टेनिस मैदान असावे, आणि तेथे शिकवणाऱ्याची नेमणूक पगारी असावी, मानद नव्हे, जो चेंडू वेचतो त्या पोरालाही रोज अर्धा तास खेळायला मिळावे. चौथे : प्रवासखर्च आणि खेळसाहित्य ही मेहेरबानी न राहता, निवड झालेल्या प्रत्येकाचा तो लेखी हक्क व्हावा.

कोणी म्हणेल, पाण्याची आणि पिकाची पंचाईत असलेल्या गावाला टेनिस कशाला? हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. कबड्डी-खो-खो आधी, टेनिस नंतर, असे आपण ठरविले तरी माझी हरकत नाही. पण ते ठराव करून आपण ठरवावे. कोणी न विचारता आपल्या वतीने ठरवून टाकू नये. मार्करचे नाव यादीत नव्हते, बिली जीनची तरतूद नव्हती, अ‍ॅशला मैदान नव्हते. यांपैकी कोणालाही 'तुला हा खेळ हवा काय' असे आधी कोणी विचारले नव्हते. ज्यांनी वह्या लिहिल्या त्यांनी परस्पर उत्तर देऊन टाकले होते. इतिहास वाचायचा तो पुढच्या पानावर लेखणी आपल्या हाती असावी म्हणून.